पंख फुटलेल्या जिभेचं कार्ड

बाई,

तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात, शनिवारच्या शेवटच्या तासाला बसलेल्या आम्हा एकवीस जणांची तुमच्याविरुद्ध एक तक्रार आहे. ती मी सगळ्यांच्या वतीने मांडतो, कारण वर्गाच्या वतीने बोलायला मीच उभा राहायचो आणि त्या खोडीला अजून उतार नाही. तक्रार अशी, की तुम्ही आम्हाला चित्रं दिलीत, त्यांचा अर्थ दिला नाहीत. प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड ठेवलंत, माथ्यावर एक वाक्य, मध्ये चित्र, खाली चार बोटं रिकामी जागा, आणि ‘ही जागा तुमची’ असं म्हणून तास संपवलात. आमच्यातला एक आता मुंब्र्यात शाळा चालवतो, एकीचं रत्नागिरीत औषधांचं दुकान आहे, दोघं दोह्याला आहेत, मी कुवेतमध्ये. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा विषय निघाला की कोणीतरी हेच लिहितं, ‘बाईंनी जन्मभराचा गृहपाठ लावला.’ तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. गृहपाठ तपासायला कोणी नाही, तरी तो टोचतो. म्हणून लिहितोय.

मागच्या महिन्यात माझ्या मुलीला हे सगळं पहिल्यापासून सांगायची वेळ आली, तेव्हा कळलं की तुमचा तो पहिला शनिवार मला जसाच्या तसा आठवतो. पिशवीतून तुम्ही झेरॉक्सचा गठ्ठा काढताय. फळ्यावर एक उभी चौकट, तिचे तीन भाग. तुम्ही सांगताय की चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये अशी पुस्तकं निघायची. पानाच्या माथ्यावर छोटं वाक्य, बहुधा लॅटिन, मध्ये लाकडी ठशाने छापलेलं चित्र, खाली कविता. जहाजाच्या नांगराला वेटोळं घालून बसलेला मासा. पिल्लांसाठी स्वतःची छाती चोचीने फोडणारा पक्षी. लढाई संपल्यावर पडून राहिलेल्या शिरस्त्राणात मधमाश्यांनी केलेलं पोळं. आणि आम्हाला सगळ्यात गंमत वाटली होती ती त्या हाताची : ढगातून नुसता एक हात बाहेर येतो, माणूस दिसतच नाही, आणि त्या हातात कधी तराजू असतो, कधी दिवा, कधी कोयता. वाक्य कोडं घालतं, चित्र ते डोळ्यांसमोर धरतं, कविता ते उलगडते, आणि तिन्हींतलं एक जरी काढून टाकलं तर उरलेली दोन खोटं बोलायला लागतात, असं तुम्ही म्हणालात. हे मी वहीत उतरवून घेतलं होतं. पाळलं नाही, ते पुढे येईल.

मी उभा राहिलो. एकोणीस वर्षांचा, खाडीकाठच्या मुसलमान मच्छीमाराचा मुलगा, मोहल्ल्यातला कॉलेजात गेलेला पहिला, आणि पंचक्रोशीत बोलायला मला तोड नाही अशी माझी पक्की खात्री. “बाई, आमच्या खाडीवरच्या लोकांना ह्या गोऱ्यांच्या चित्रांशी काय करायचंय? ह्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी आपल्यावर राज्य केलं.” वर्गाने बाकं बडवली. तुम्ही बडवणं संपेपर्यंत थांबलात. मग म्हणालात, “ज्यांनी राज्य केलं, त्यांच्या आजीची उशी बघायला तुला मनाई आहे का?”

“उशी?”

“उशी. ह्या चित्रांवरून बायका उशा भरायच्या, पलंगाचे पडदे भरायच्या. एक राणी वर्षानुवर्षं कैदेत होती, मोकळं बोलायची चोरी, तर ती सुईदोऱ्याने बोलायला लागली. साहेबाची भीती जायला हवी असेल तर त्याच्या तलवारीकडे काय बघतोस, त्याच्या घरातली उशी बघ. आणि काय रे, तुझ्या वडलांच्या होडीला पुढे काय रंगवलंय?”

“दोन मासे. नि वर चांद.”

“का?”

मला सांगता येईना. “विचारून ये,” म्हणालात. मी बापाला विचारलं. तो जाळं शिवत होता, मान वर न करता म्हणाला, “तुझ्या आजाने काढलेलं. मासे गावावेत, नि परत येताना घर गावावं.” पुढच्या शनिवारी मी हे वर्गात सांगितलं आणि तुम्ही फळ्यावरच्या त्या चौकटीत, कवितेच्या जागी, ते वाक्य जसंच्या तसं लिहिलंत. बाई, माझा बाप सही म्हणून अंगठा उठवायचा. त्याचं वाक्य कॉलेजच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं मी पाहिलं. पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ व्यासपीठांवरून पुष्कळ लोकांना सांगितलं की चित्र ही अडाण्यांची सोय नसते, तो विचार असतो, आणि ज्याला शेजाऱ्याच्या होडीवरचे दोन मासे वाचता येत नाहीत त्याने स्वतःला शिकलेला म्हणवू नये. ते बळ त्या फळ्यावरून आलेलं आहे.

त्याच वर्षी कॉलेजात वादविवाद स्पर्धा झाली. समोरच्या बाजूला आपल्याच वर्गातली एक मुलगी होती, पलीकडच्या वाडीतून तरीने येणारी. तिचे मुद्दे माझ्यापेक्षा चांगले होते. मला ते दुसऱ्याच मिनिटाला कळलं, आणि म्हणून मी मुद्दे सोडले आणि तिच्या बोलण्याची नक्कल केली. तिचा वाडीचा हेल, वाक्य संपताना तिचं ते श्वास घेणं, सगळं. सभागृह हसून लोळलं. ढाल मला मिळाली. ती मुलगी वर्गात येत राहिली, पण पुन्हा कुठल्याही स्टेजवर चढली नाही. तुम्ही मागच्या रांगेत बसला होतात. मला वाटलं, शनिवारी बाई झापणार. शनिवारी तुम्ही चक्र घेऊन आलात.

साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं गोल चक्र, कडेने एकवीस आकडे, मध्ये बंद पडलेल्या घड्याळाचा मिनिटकाटा. त्या इंग्रजी पुस्तकांतल्या एकाला शेवटी असंच चक्र असायचं, तुम्ही सांगितलंत. घरातली माणसं जमायची, न बघता काटा फिरवायचा, जिथे थांबेल ते चित्र आपलं, आणि त्याखालचा उपदेश सगळ्यांदेखत मोठ्याने वाचायचा. आमच्यासाठी एकवीस कार्डं तुम्ही जाड ड्रॉइंग पेपरवर काळ्या शाईने स्वतः काढली होती. कोणाला कासव आलं. कोणाला उलटी धरलेली मशाल, स्वतःच्याच मेणाने विझत आलेली. मी काटा टिचकीने फिरवला. कार्डावर एक जीभ होती. तोंड नाही, चेहरा नाही, नुसती जीभ, आणि तिला वटवाघळासारखे दोन पंख. खाली लहान लहान घरं, शेतं, देवळाचा कळस, आणि ही त्यांच्यावरून उडत चाललेली. माथ्यावर तुमच्या टपोऱ्या अक्षरात, लॅटिनवरून तुम्हीच केलेलं मराठी : ‘कुठे निघालीस?’ मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. ती मुलगी हसली नाही. ती आपल्या कार्डाकडे बघत होती.

रविवारी सकाळी मी कार्ड परत करायला तुमच्या घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात, पुढे वर्तमानपत्र पसरून फणस फोडताय, हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले. मी दारातूनच सुरुवात केली, “बाई, काटा तुम्ही थांबवलात.”

“मला काय घड्याळजी समजलास? आत ये. लांब बस, चीक लागेल.”

“मग मलाच बरी ही जीभ आली!”

“ज्याला जे येतं त्याला असंच वाटतं. कासववाला काल संध्याकाळीच येऊन भांडून गेला.”

“अर्थ तरी सांगा मग.”

“मी सांगितला तर ते माझं चित्र झालं. खालची जागा कोणाची आहे?”

मग तुम्ही मला ताटलीत गरे दिलेत. मी रागात होतो, पण गरे होते ते, सगळे संपवले. तुम्ही म्हणालात, “ताटली धू आणि उलटी कर.” मागे तुमच्या आईचं नाव कोरलेलं होतं, लग्नात कोणीतरी दिलेल्या भांड्यांवर कोरतात तसं, ठिपक्याठिपक्यांचं, अर्धं झिजलेलं. “आपल्याकडे ताटाच्या पाठीला नाव. त्यांच्याकडे पातळ लाकडी ताटल्या असायच्या. कोऱ्या बाजूवर गोडधोड खायचं आणि मग ताटली उलटी करायची. पाठीवर चित्र आणि चार ओळी. पाहुण्याने त्या वाचून दाखवायच्या. खाताना दिसत नाही रे. खाऊन झाल्यावर कळतं, आपण कशावर जेवलो.” हात पुसत तुम्ही माझ्याकडे बघितलंत. “परवा टाळ्या खाल्ल्यास ना, पोटभर? आता ताटली उलटी कर.”

एवढंच. आवाज चढला नाही, पुढे एक अक्षर नाही. घरी न्यायला अर्धा फणस बांधून दिलात. निघताना मला मांडणीच्या वर खिळ्याला लावलेलं तुमचं स्वतःचं कार्ड दिसलं : वठलेलं, एक पान नसलेलं झाड, आणि त्याला धरून चढलेली, घोसांनी लगडलेली द्राक्षाची वेल. माथ्यावर ‘मेल्यावरही सोबत’. खालची जागा कोरी. मी विचारलं, “यात तुम्ही कोण, झाड की वेल?” तुम्ही म्हणालात, “ते ठरायचंय.”

आता ते जे पुढे येईल म्हटलं होतं, ते. सात वर्षांनी कुवेतचा व्हिसा आला. जाण्याआधी मी मुंबईत एक छोटी फ्रेम घेतली, तुमचं कार्ड बरोबर न्यायचं म्हणून. कार्ड लांबीला मोठं निघालं. मी कात्री घेतली. खालची कोरी जागा कापली असती तरी बसलं असतं, बाई. मी वरची पट्टी कापली. दुकानात उभ्या उभ्या, फ्रेमवाल्याचीच कात्री मागून. मनाशी म्हटलं, वाक्य तर पाठच आहे, आणि कोऱ्या जागेत पुढेमागे लिहायचं आहे. खरं म्हणजे ‘कुठे निघालीस?’ हा प्रश्न रोज भिंतीवर बघायची माझी तयारी नव्हती. वाक्य गेलं आणि चित्र एकदम बदललं. आता ती पंख फुटलेली, घराघरांवरून भरारी मारणारी जीभ होती. वक्त्याची निशाणी. उरलेली दोन खोटं बोलायला लागतात, म्हणाला होतात ना तुम्ही? लागली.

इथे मी शुवैखच्या बंदराजवळ एका मालवाहतूक कंपनीच्या गोदामात कागदपत्रांचं काम बघतो. तुमच्या शनिवारांचा उपयोग मला पहिल्याच आठवड्यात झाला. गोदामात इजिप्तचे मिस्री, बंगाली, मल्याळी, नेपाळी, रायगडचे आम्ही दोघं-तिघं. कोणाची भाषा कोणाला धड कळत नाही. पण खोक्यावर पेल्याचं चित्र चिकटवलेलं असतं आणि प्रत्येकाचे हात आपोआप हलके होतात. छत्री म्हणजे भिजू देऊ नका. वर बघणारे दोन बाण म्हणजे उलटं ठेवू नका. मला हसू यायचं. चारशे वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी ठसे कोरणाऱ्याला हे गोदाम दाखवावंसं वाटायचं. तुम्हाला तसं पत्र लिहायचं ठरवलं होतं, पेल्याचा स्टिकर चिकटवून. आज लिहू, उद्या लिहू करत वर्षभर गेलं, आणि मग मुंब्रेवाल्याचा फोन आला की बाई गेल्या.

मी इथल्या मराठी मंडळींत बोलू लागलो. का बोलू लागलो ते तुम्हाला कळेल. नवीन कोणी भेटला की माझं नाव ऐकून विचारतो, “अरे, आप मराठी हैं? लगता नहीं.” वीस वर्षं हे ऐकतोय. माझ्या आईच्या ओव्या, बापाच्या शिव्या, तुमचा फळा, सगळं मराठी, आणि मला दाखला द्यावा लागतो! मग मी असा दाखला देतो की हॉल दणाणून जातो. आणि बाई, जवळजवळ प्रत्येक भाषणाची सुरुवात मी तुमच्यापासून करतो : ‘माझ्या गुरूने मला एक चित्र दिलं, पंख असलेली जीभ, आणि सांगितलं, उड.’ टाळ्या. तुम्ही असं कधीच सांगितलं नव्हतं.

मागच्या महिन्यात रिग्गईच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मराठीचा कार्यक्रम होता. शुक्रवारची दुपार, हॉल भरलेला. विषय होता, परदेशातली आपली मुलं. मी तापलो होतो, आणि तापलो की मला उदाहरण लागतं, आणि सगळ्यात जवळचं उदाहरण माझी मुलगी. सतरा वर्षांची, बारावी झालेली, ऑगस्टमध्ये पुण्याला कॉलेजसाठी जाणार. मी म्हणालो, “माझ्याच घरात एक पाहुणी राहते. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. गावी तिची दादी आहे, तिच्याशी हिला दोन वाक्यं बोलता येत नाहीत. सांगा, मी दादीला काय तोंड दाखवू?” आणि मग मी तिची नक्कल केली. खांदे उडवून, नाकातून, “व्हॉटेव्हर, अब्बा.” हॉल हसून लोळला. मी खाली उतरलो तेव्हा लोक हात मिळवत होते.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी पुढचं नाव पुकारलं नाही. एक चिठ्ठी वाचली आणि थेट गाण्यावर गेल्या. मला ते लक्षातही आलं नाही. गाडीत बसलो, समुद्राकडेचा रस्ता धरून अबू हलीफाकडे, घरी निघालो. मुलगी मागे खिडकीकडे तोंड करून बसलेली. बायकोने रेडिओ बंद केला. मग म्हणाली, “टाळ्या डब्यात भरून आणल्यात ना? त्याच वाढते आज जेवायला.”

“काय झालं आता?”

“पुढचं नाव हिचं होतं. तीन आठवडे लिहीत होती, मराठीत. मला सांगितलं, अब्बाला सांगू नको, सरप्राइज. तुमचं भाषण झालं नि तिने चिठ्ठी पाठवली, मी नाही बोलत.”

मी आरशातून मागे बघितलं. तिने डोळे मिटून घेतले होते. वाक्य संपताना जसा श्वास घ्यायची ना ती तरीने येणारी मुलगी, तसा एक श्वास मला ऐकू आला. बहुतेक माझाच असावा. सत्तावीस वर्षांनी मी तेच केलं होतं, त्याच पद्धतीने, त्याच हशासाठी. या वेळी स्वतःच्या लेकीला.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. मराठीत नाही, इंग्रजीत नाही. ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही. मी सॉरी म्हटलं. चांगलं सविस्तर म्हटलं, तिच्या बंद दारासमोर उभं राहून, आणि दुसऱ्या मिनिटाला मला माझाच आवाज ऐकू आला, चढउतारासकट, भाषणासारखा. मी थांबलो. ऑगस्टला तीन महिने होते. माझ्या डोळ्यांसमोर विमानतळ येत होता, ती बॅग ढकलत आत जाते आहे आणि मागे वळून बघत नाही. शेकडो लोकांपुढे बोलणाऱ्या माणसाला पाच पावलांवरच्या दाराशी बोलता येईना.

दहाव्या-बाराव्या दिवशी मी कामावरून आलो तर तिच्या दारावर एक स्टिकर होता. माझ्याच बॅगेतल्या गुंडाळीतला. पेला.

बाई, मी दारापुढे उभा राहिलो आणि माझे हात आपोआप हलके झाले. दुसरं कसं सांगू? गोदामात होतात तसे. सतरा वर्षं जिला मी भाषा येत नाही म्हणत होतो, तिने एका चित्रात, वर वाक्य नाही, खाली कविता नाही, मला सगळं सांगून टाकलं होतं. मी भिंतीवरची फ्रेम काढली, मागचे खिळे वाकवले, तुमचं कार्ड बाहेर घेतलं आणि तिच्या दाराखालून आत सरकवलं. दार वाजवलं नाही. बोललो नाही.

थोड्या वेळाने ती स्वयंपाकघरात आली. मी टेबलाशी बसलो होतो, बायको जमियाच्या दुकानातून आणलेली कोथिंबीर निवडत होती. मुलीने कार्ड माझ्यापुढे ठेवलं आणि वरच्या कडेवरून बोट फिरवलं. “हे कात्रीने कट केलंय. हू डिड इट?”

“मी.”

“व्हाय?”

मग मी सांगितलं. चक्र, जीभ, तरीने येणारी मुलगी, फणस, ताटली, फ्रेमवाल्याची कात्री. आयुष्यात पहिल्यांदा ही गोष्ट मी बसून, हळू आवाजात सांगितली असेन. वरचं वाक्य काय होतं ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे सगळ्या स्पीचेसमध्ये तू खोटं सांगायचास?”

“हो.”

बायको कोथिंबिरीकडे बघून म्हणाली, “आज तारीख लिहून ठेवा कोणीतरी. दोन प्रश्न, दोन शब्दांत उत्तरं.” आणि पोरगी हसली. हसायचं नव्हतं तिला, पण हसली.

मग तिने आतून वही आणली. मी काही बोलणार तोच बायकोने माझ्या हातावर हात ठेवला. मुलगी वाचू लागली, अडखळत, एकेक अक्षर लावत. मथळा होता ‘दादीचा हात’. तिने लिहिलं होतं, “दर शुक्रवारी दादीचा व्हिडिओ कॉल येतो. दादीला फोन नीट धरता येत नाही. तिचा चेहरा कधी दिसत नाही. कडेने फक्त तिचा हात येतो. हातात काहीतरी असतं. कधी कैरी असते. कधी मांजराचं पिल्लू. एकदा बोटाला पट्टी होती. मग मी पण हातात काहीतरी धरते. माझं रिपोर्ट कार्ड धरलं. आजारी होते तेव्हा औषधाची बाटली धरली, तर तिने तस्बीची माळ धरली. आम्ही खूप बोलतो. अब्बाला वाटतं आम्ही बोलत नाही.”

बाई, ढगातून बाहेर आलेला हात. माणूस दिसत नाही, हातात एक वस्तू, आणि जे म्हणायचं ते सगळं त्यात. माझी आई आणि माझी मुलगी, एक कधी शाळेत न गेलेली आणि एक मराठीत अडखळणारी, वर्षानुवर्षं हे करत होत्या, माझ्याच घरात, दर शुक्रवारी, मी दुसऱ्या खोलीत भाषणाची तयारी करत असताना. मला वाचायला शिकवलं होतं तुम्ही, आणि मला ते वाचता आलं नाही. पण तिने वाचून दाखवलं तेव्हा ओळखता तरी आलं, ते तुमच्यामुळे. तुम्ही नसता तर मी तिथेही म्हटलं असतं, बरं लिहिलंस, दोन ठिकाणी चुकलंय. मी फक्त ‘पुन्हा वाच’ म्हटलं. तिने पुन्हा वाचलं.

आता वरची पट्टी परत लागली आहे. मुलीने पांढरा कागद कापून चिकटवला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘कुठे निघालीस?’ तुमच्याइतकं टपोरं नाही, थोडं उतरतं आहे, पण प्रश्न तोच. मग खालच्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, “अँड धिस?”

“ती माझी जागा आहे.”

“फक्त चार लाइन्स, अब्बा. तू तर दोन-दोन तास बोलतोस.”

त्या चार ओळी लिहायला मी आज सकाळी बसलो होतो. त्यांच्याऐवजी हे एवढं झालं. बापाचं वाक्य तुम्ही फळ्यावर चढवलंत, माझ्या हातात आरसा दिलात आणि वर अर्धा फणस बांधून दिलात, त्याचे आभार मानायचे होते, आणि मी इथेही भाषणच केलं. तुमच्या त्या झाडाचं आणि वेलीचं मात्र आता ठरलं आहे असं समजा. वठलात तरी तुम्ही आम्हाला धरून ठेवलंत.

हे पत्र कुठेच जायचं नाही. वहीतून पानं काढून फ्रेमच्या मागे, कार्डाच्या पाठीला ठेवून देणार आहे. पण ते करण्याआधी एक कबुली. त्या स्पर्धेनंतर त्या मुलीला मी कधी सॉरी म्हटलं नाही. ती आमच्या ग्रुपवर आहे, ते औषधांचं दुकान तिचंच, ईदला तिचा मेसेज येतो, मी दिवाळीला पाठवतो. आणि त्या शनिवारी ती ज्याच्याकडे इतका वेळ बघत होती, त्या तिच्या कार्डावर काय होतं, हे सत्तावीस वर्षांत मी एकदाही विचारलेलं नाही.

म्हणून ग्रुपवर आत्ता एवढंच टाकतो आहे : ‘बाईंचं कार्ड ज्याच्याकडे असेल त्याने ते आज शोधा, खालची जागा स्वतःच्या शब्दांत भरा, आणि शनिवारी इथे त्याचा फोटो टाका. पहिलं रत्नागिरीचं येऊ दे, तिची माझ्याकडे एक माफी राहिली आहे. माझं सगळ्यात शेवटी. तोवर मी बोलणार नाही.’